महिन्यातला पाचवा सोमवार

१ ऑक्टोबर २०२५ ला ठाणे जिल्ह्याच्या सरकारी मानसिक आरोग्य कार्यक्रमातला माझा तिसरा कंत्राटी करार संपला. अकरा महिने एकोणतीस दिवसांचा एक, असे तीन. त्यानंतरच्या पंधरवड्यात नुकत्याच एमडी झालेल्या तिघांचे फोन आले आणि तिघांचा प्रश्न एकच होता : "मॅडम, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जागा निघतेय म्हणतात, अर्ज भरू का?" मी कुणालाच धड हो किंवा नाही सांगितलं नाही, पण प्रत्येकाशी तासभर बोलले. चौथा फोन यायच्या आत लिहून काढलेलं बरं. रुग्णांचे तपशील बदलले आहेत, काही गावांची आणि कार्यालयांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

मी मानसोपचारतज्ज्ञ. ठाण्यात नौपाड्याला नऊ वर्षं माझं छोटं क्लिनिक होतं, बरं चाललं होतं. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरून एक बाई मुलाला घेऊन यायची. मुलगा बावीस वर्षांचा, निदान स्किझोफ्रेनिया. एकदा फी देताना ती पदराच्या गाठीतले पैसे मोजत होती, म्हणून सहज विचारलं, यायला-जायला किती लागतात? तिनं बोटांवर हिशेब सांगितला : तिची दिवसाची मजुरी, नवऱ्याची मजुरी कारण पोरगा एकटीला आवरत नाही, आसनगावपर्यंतची टमटम, लोकलची तिकिटं, खाणं. माझी फी त्या यादीत तिसऱ्या नंबरला होती. पुढचे दोन महिने ती आलीच नाही. आली तेव्हा मुलगा पुन्हा रात्र-रात्र जागा. "भातकापणी होती, डॉक्टरीणबाई," एवढंच म्हणाली.

जून २०२२ मध्ये जिल्हा कार्यक्रमातल्या मानसोपचारतज्ज्ञाच्या पदाची जाहिरात दिसली. पद कंत्राटी, मानधन माझ्या तेव्हाच्या कमाईच्या साधारण निम्मं. बाबा म्हणाले, "सरकारी नोकरी, तीही कंत्राटी? म्हणजे दोन्हीकडचं वाईट तेवढं घेतलंस." त्यांचं अगदीच चुकलं नाही, पण ते पुढे.

अर्जाची फाईल करताना दोन ठिकाणी अडले, तुम्हीही अडाल. पहिलं, अनुभवाचा दाखला. नऊ वर्षं स्वतःचं क्लिनिक चालवलं, पण स्वतःच स्वतःला दाखला कसा देणार? शेवटी एका ट्रस्टच्या रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस जात असे तिथला दाखला लावला. धरला गेला तेवढाच अनुभव, दोन वर्षांचा. दुसरं, नाव. पदवीवर माहेरचं, कौन्सिलच्या नोंदणीवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला पुरेल असं वाटलं होतं. छाननीत राजपत्राची प्रत मागितली. ती आधीच काढून ठेवा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये एमबीबीएसची नोंदणी असते, पण एमडीची जादा अर्हता वेगळी नोंदवावी लागते, ती अनेकांची राहून गेलेली असते. लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, शाळा सोडल्याचा दाखला, सगळ्याच्या साक्षांकित प्रती. डीडी, झेरॉक्स, नोटरी मिळून मला ₹१,१४० खर्च आला.

मुलाखत २ ऑगस्टला झाली. या पदाला उमेदवार आम्ही दोघंच. पहिला प्रश्न अपेक्षित होता, कार्यक्रमाचा इतिहास. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम, बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात करून दाखवलेलं काम, त्याच धर्तीवर १९९६ मध्ये सुरू झालेला जिल्हा कार्यक्रम, सगळं पाठ होतं. दुसरा प्रश्न एका वयस्कर अधिकाऱ्यांनी विचारला : "आठवड्यातले किती दिवस ठाण्याबाहेर जाल?"

"चार."

"दर वेळी गाडी मिळेलच असं नाही."

"लोकल आहे ना सर."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पुढच्या तीन वर्षांत बेल्लारीचं नाव मला कुणी विचारलं नाही. गाडीचा विषय मात्र रोज निघायचा.

निवडीचं पत्र यायला ४८ दिवस लागले. या काळात क्लिनिक बंद करू नका. चौकशीला फोन केलात तर नाव सांगून उपयोग नसतो, अर्जाचा आवक क्रमांक सांगायचा. बारनिशीत, म्हणजे जिथे टपाल नोंदवून घेतात त्या टेबलावर, तो तेव्हाच मागून घ्यायचा असतो. मला हे चाळिसाव्या दिवशी कळलं.

३ ऑक्टोबर २०२२, सोमवारी रुजू झाले. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर करारनामा. बुधवारी दसरा, म्हणून सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, कामाला सुरुवात दसऱ्यानंतरच करा." दसऱ्यानंतर लगेच १० तारखेला जागतिक मानसिक आरोग्य दिन आला, त्याच दिवशी टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन सुरू झाली, आणि माझं पहिलं सरकारी काम ठरलं ते तिचा १४४१६ हा आकडा बॅनरवर बरोबर छापून आलाय का ते बघणं.

खासगीतून येणाऱ्याला पहिला महिना फार जड जातो. नऊ वर्षं मी रोज वीस-बावीस रुग्ण बघत होते; पहिल्या दहा दिवसांत एकही बघितला नाही. फिरती कार्यक्रम, दौरा दैनंदिनी, मासिक अहवाल, खर्चाचं विवरण, उपयोगिता प्रमाणपत्र. कार्यक्रमाच्या रचनेत मानसोपचारतज्ज्ञाबरोबर चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकृती सामाजिक कार्यकर्ता, दोन प्रकारच्या परिचारिका, नोंदी ठेवणारे, मूल्यमापन करणारे असे सगळे असतात, आणि डॉक्टर म्हणून त्यांचं पुढारपण आपोआप तुमच्या गळ्यात येतं. ते कसं करायचं हे एमडीला कुणी शिकवत नाही. वार्षिक आराखड्याच्या बैठकीत पहिल्यांदा ऐकलं की मार्गदर्शक सूचनांनुसार एका जिल्ह्याला वर्षाला ८३.२ लाखांपर्यंत निधी असतो, तेव्हा मी हरखले. मग पगार, औषधं, प्रशिक्षण, प्रवास, छपाई असे रकाने पडत गेले तशी शांत झाले.

कामाची आखणी मात्र सोपी वाटली. महिन्याचा पहिला आणि तिसरा सोमवार शहापूरकडे, मंगळवार मुरबाडकडे, बुधवार भिवंडीच्या ग्रामीण भागात, गुरुवारी प्रशिक्षण, शुक्रवारी दिव्यांगत्वाचे दाखले, शनिवारी कागद. माझे आजोबा कल्याणला वार लावून जेवून शिकले होते. बाबांना म्हटलं, "मीही वार लावलेत." ते म्हणाले, "मग एक लक्षात ठेव. अण्णा म्हणायचे, ठरल्या वारी गेलो नाही तर वाढलेलं ताट वाया जायचं, आणि पुढच्या आठवड्यात त्या घरी जायला तोंड नसायचं." मी हसण्यावारी नेलं.

पहिल्या सोमवारी लोकलने आसनगाव, तिथून शेअर रिक्षा. ठाण्याहून सव्वा-दीड तास, कसारा गाडी चुकली तर अजून तासभर. ओपीडीत आठ माणसं. एका आजींनी विचारलं, "कुठल्या तुम्ही?" मी म्हटलं, "ठाण्याची." खोली गप्प झाली. मग आशाताई फिस्सकन हसल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आपल्याकडे "याला ठाण्याला पाठवा" याचा अर्थ एकच, आणि १९०१ पासून उभ्या असलेल्या मनोरुग्णालयानं शहराच्या नावाला जोडलेला हा अर्थ कसाऱ्यापर्यंत पोचलेला. मानसोपचाराची डॉक्टर, त्यातून ठाण्याची! त्या दिवसापासून मी "नौपाड्याची" सांगू लागले. कुणाला नौपाडा माहीत नसे, ते सोयीचंच होतं.

भगताचा मुद्दाही तिथेच आला. पाड्यावरची बहुतेक माणसं माझ्याआधी भगताकडे जाऊन आलेली असत, आणि कुणी विचारलं तर खाली बघत. मी ते विचारणंच सोडलं. त्याऐवजी विचारायचे, "त्यांनी काय पथ्य सांगितलंय?" दारू नको, रात्री फिरू नको, अशी निम्मी पथ्यं माझीच असायची. गोळी त्याच्या जोडीला दिली की कुणाचा मान मोडत नसे. एका भगतानं तर पुढे स्वतःहून दोन माणसं पाठवली. मात्र बांधून ठेवणं, चटके देणं दिसलं तर मी गप्प बसले नाही. तिथे पोलिसपाटलांना मध्ये घेतलं.

आता मुख्य गोष्ट. माझी चूक आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

२ जानेवारी २०२३, सोमवार. शहापूरकडच्या ओपीडीत ४६ रुग्ण. तीन महिन्यांत आठावरून सेहेचाळीस, म्हणून आम्ही सगळे खुशीत. बहुतेकांची तब्येत स्थिर होती, त्यांना तिसऱ्या सोमवारी पुन्हा खेटा नको म्हणून महिन्याच्या, तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी या." ६ फेब्रुवारीला आले २९. लग्नसराई असेल, वीटभट्टीवर गेले असतील, अशी कारणं आम्हीच एकमेकांना सांगितली.

न आलेल्यांत एक तिशीचा तरुण होता. दोन वर्षांचा आजार, आमच्याकडे येऊन तीन महिन्यांत शेतावर जाऊ लागला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याचे वडील आले, एकटेच. मुलगा चार दिवस बेपत्ता होता, रेल्वे पोलिसांना इगतपुरीच्या फलाटावर सापडला. अंगात सदरा नाही, कुणाला ओळखत नाही. म्हणाले, "गोळ्या जानेवारी संपता संपता संपल्या. पाच-सहा दिवस बिनगोळीचा राहिला, काही झालं नाही. मग आम्ही म्हटलं, बरा झाला असंल. कशाला जायचं?"

या आजारात गोळी थांबली की दुसऱ्या दिवशी त्रास होतोच असं नाही. दोन-तीन आठवडे सगळं ठीक दिसतं, नंतर झोप जाते. तेवढ्या बऱ्या दिवसांनी घरच्यांची खात्री पटते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण गोळ्या संपल्याच का, हे मला कळेना. तीस दिवसांच्या दिल्या, महिन्यानं बोलावलं. मी रजिस्टर पुढे-मागे करत बसले. तिथले फार्मासिस्ट भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघत म्हणाले, "मॅडम, जानेवारीत सोमवार पाच होते."

२, ९, १६, २३, ३०. पहिल्या सोमवारपासून पुढच्या पहिल्या सोमवारपर्यंत पस्तीस दिवस. गोळ्या तीस. पाच दिवसांचा खड्डा मीच खणून ठेवला होता, सेहेचाळीस घरांच्या वाटेत.

आम्ही दोघांनी तिथेच उरलेलं वर्ष मोजलं. मे, जुलै आणि ऑक्टोबर, असे आणखी तीन महिने. त्यात पहिला सोमवार १ मे ला महाराष्ट्र दिन आणि २ ऑक्टोबरला गांधी जयंती, म्हणजे दोन्ही दिवशी ओपीडीला कुलूप. तुम्ही कुठेही वार लावलात तरी हा हिशेब आधी करा. वर्षात चार महिने, क्वचित पाच, असे निघतातच.

त्या तरुणाला दाखल करावं लागलं. वडील म्हणाले, "आता कायमचंच ठाण्याला टाका, आमच्यानं होत नाही." ते रागावून नाही, थकून बोलत होते. मी त्यांना सांगितलं की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कायमचं टाकणं नाही. रुग्णाला स्वतःला ठरवता येत नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर दाखल करता येतं, तेही आधी तीस दिवसांपर्यंत. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे कळवणं. त्या मंडळात न्यायाधीश पातळीचा अध्यक्ष असतो, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, आणि आजारातून गेलेले किंवा घरी रुग्ण सांभाळणारे लोकही असतात. शेवटचं ऐकून ते जरा सावरून बसले. "आमच्यासारखे?" त्यांनी विचारलं. मुलगा अठराव्या दिवशी घरी आला. वडिलांनी मला दोष दिला नाही. मीच त्यांना पाच सोमवारांचं सांगितलं, तर म्हणाले, "आम्हाला कुठं मोजता येतंय." मोजायचं काम त्यांचं नव्हतंच.

उपाय साधा होता : पाच सोमवारांच्या महिन्यात पस्तीस गोळ्या, आणि प्रत्येकाला सात जादा, गाडी चुकली, पाऊस आला, मयत झालं तर. पण फार्मासिस्ट म्हणाले, "तीसच्या वर द्यायला लेखी पाहिजे, उद्या ऑडिटला मी काय दाखवू?" बरोबरच होतं त्यांचं. मी दोन पानांची टिपणी लिहिली, औषध बंद झाल्यावर आजार उलटण्याबद्दलचं संशोधन घातलं, ९ मार्चला दिली. ज्या कार्यालयात दिली तिथे ती मार्चएंडमध्ये गेली. मार्चएंडला दुसऱ्या कुठल्याही फायलीला हात लागत नाही, हे लिहून ठेवा. ५ एप्रिलला पाठपुराव्याला गेले तर एका भाऊसाहेबांनी ती बाहेर काढली, वाचली, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "मॅडम, छान लिहिलंय. पण साहेबांनी सही कशावर करायची?"

खरंच, मी विनंती कुठे केलीच नव्हती. नुसती काळजी व्यक्त केली होती. भाऊसाहेबांनी माझ्यासमोर चार ओळी लिहिल्या : विषय, संदर्भ, किती रुग्णांना किती गोळ्या जादा आणि त्या उपलब्ध साठ्यातून कशा भागतील, शेवटी "मान्यतेस्तव सादर". ११ एप्रिलला सही झाली. माझी दोन पानं त्यांनी "सोबत" म्हणून मागे जोडली, मला वाईट वाटू नये म्हणून असावं. त्यानंतर तीन वर्षांतली एकही टिपणी मी शेवटची ओळ आधी लिहिल्याशिवाय सुरू केली नाही.

१ मे ची ओपीडी २ तारखेला घेतली, आधीपासून सांगूनही निम्मेच आले. वार बदलला की लोक गोंधळतात, तारीख त्यांच्या डोक्यात नसतेच. २ ऑक्टोबरची गंमत अशी की माझा पहिला करार आदल्याच दिवशी संपला होता, मधला एक दिवस तांत्रिक खंड, म्हणजे गांधी जयंतीला मी कुणाचीच डॉक्टर नव्हते. या वेळी आम्ही ४ सप्टेंबरलाच सगळ्यांना बेचाळीस गोळ्या देऊन ९ ऑक्टोबरला बोलावलं, तारीख न सांगता "गांधी जयंतीच्या पुढचा सोमवार" असं. ६१ पैकी ५४ आले. राहिलेल्या सातांना त्याच दिवशी दुपारी तीननंतर फोन.

हा फोनही शिकून आलेला. केसपेपरवर दोन नंबर घ्यायचे, एक घरचा आणि एक अशा माणसाचा ज्याचा नंबर बदलत नाही : किराणा दुकानदार, आशाताई, शाळेचे शिपाई. पण दुकानदाराला निरोप देताना "मनोरुग्ण" शब्द तोंडातून जाता कामा नये. आमच्या सामाजिक कार्यकर्त्या ताई म्हणायच्या, "सोमवारच्या डॉक्टरांचा निरोप आहे." तेवढं पुरायचं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण हा कार्यक्रमाचा कणा म्हणतात. कल्पना अशी की नैराश्य, चिंता, साधा निद्रानाश त्यांनीच बघावा, अवघड तेवढं आमच्याकडे. माझं पहिलं प्रशिक्षण सपशेल पडलं. ९४ स्लाइड. सगळे मान हलवत होते. नंतरच्या महिन्यात चिठ्ठ्या आल्या त्या पूर्वीसारख्याच, "मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवत आहे", निदानाची जागा कोरी. त्या डॉक्टरांची सकाळ मी एकदा बाजूला बसून बघितली : ताप, साप, लसीकरण, प्रसूती, मध्येच बैठकीची लिंक. त्यानंतर प्रशिक्षण एका पानावर आणलं. एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी कधी, किती, आणि पहिल्या दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तरी थांबवायचं नाही हे रुग्णाला कसं सांगायचं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार येतो का हे थेट विचारायचं, विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि खाली माझा मोबाइल नंबर. पहिला फोन आला रात्री साडेनऊला, मुरबाडकडच्या एका तरुण डॉक्टरचा : "मॅडम, एक बाई हो म्हणतेय. आता काय करू?" त्यानं विचारलं होतं, हेच मोठं. आम्ही फोनवर बोलत राहिलो, तिच्या नवऱ्याला फवारणीचं औषध घरातून हलवायला लावलं, सकाळी ती माझ्यासमोर होती.

शुक्रवारच्या दाखल्यांबद्दल दोन शब्द, कारण रुग्णांचे नातेवाईकही हे वाचतील. मानसिक आजाराचं दिव्यांगत्व मोजायला आयडियाज नावाची मोजपट्टी आहे. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, काम, या चारांना शून्य ते चार गुण, आणि आजार किती वर्षांचा आहे त्याचे वेगळे. वीसपैकी सात भरले तर चाळीस टक्के, आणि चाळीस टक्क्यांपासून दाखल्याचा उपयोग सुरू होतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज त्यावर करता येतो. अडचण वेगळीच. मी विचारायचे, "अंघोळ स्वतः करतो का?" आणि आई मुलाकडे बघून म्हणायची, "करतो हो, सगळं करतो माझा राजा." मुलासमोर त्याची उणीव काढायची नाही, हा त्या माउलीचा स्वभाव, आणि त्यापायी गुण सातच्या खाली. नंतर मी आईशी आणि मुलाशी वेगवेगळं बोलू लागले. तुम्ही जाणार असाल तर चांगल्या दिवसाचं नाही, गेल्या वर्षभरातल्या सरासरी दिवसाचं सांगा. जुने केसपेपर, अगदी फाटलेलेसुद्धा, न्या. वर्षं त्यांवरून मोजली जातात. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करताना आधारवरचं नाव आणि केसपेपरवरचं नाव एकच आहे ना, एवढं आधी बघा.

बैठकांबद्दल फार लिहीत नाही. एकच आठवण. जिल्ह्याच्या आढाव्यात मी राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा दाखवला, २०१५-१६ चा : गरज असूनही उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के. एका अधिकाऱ्यांनी विचारलं, "यात आपला जिल्हा किती?" ते सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता. तसं सांगितल्यावर ते म्हणाले, "मग आपलं काय ते सांगा." पुढच्या वेळी मी फक्त एक तक्ता नेला. किती जणांना या महिन्यात बोलावलं होतं, किती आले, न आलेल्यांपैकी किती जणांशी बोलणं झालं. त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली, आणि पावसाळ्यात दोन ओपीडींसाठी गाडी मंजूर झाली.

मनाचं म्हणाल तर दुसरं वर्ष वाईट गेलं. क्लिनिक आठवड्यातून एका संध्याकाळवर आलेलं, मानधन कधी पाच तारखेला तर कधी वीसला, घरचा हप्ता मात्र दर पाचला. बरोबरीचे मित्र परिषदांचे फोटो टाकायचे आणि मी आसनगावच्या फलाटावर रजिस्टर मांडीवर घेऊन बेरजा करत असायचे. एका पावसाळी मंगळवारी मुरबाडकडे चारच रुग्ण आले, येताना एसटी दोन तास अडकली, आणि मी राजीनाम्याची चार ओळींची टिपणी फोनवर लिहिली. शेवटची ओळ आधी. पाठवली नाही, कारण पुढचा सोमवार पहिला होता.

तिसऱ्या कराराचा कागद हातात आला तो २०२४ च्या ऑक्टोबरअखेर, तोवर शंभरचा स्टॅम्पपेपर बंद होऊन पाचशेचा झाला होता. चौथा करार मी मागितला नाही. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन, मुलीची दहावी, आणि खरं सांगायचं तर थकवा. सोडायचं असेल तर महिनाभर आधी लेखी द्या आणि पोच घ्या. कार्यभार देताना जडसंग्रह नोंदवहीतली प्रत्येक वस्तू मोजून द्यावी लागते. माझ्या नावावर एक प्रोजेक्टर, दोन कपाटं आणि वजनकाटा होता. वजनकाटा दोन दिवस सापडेना. तो भिवंडीकडच्या केंद्रात लसीकरणाला वापरात होता.

माझ्या जागी आलेला मुलगा हुशार आहे, टॅबवर सगळं ठेवतो. ३० सप्टेंबरला त्याला घेऊन फार्मासिस्टकडे गेले. त्यांनी बाजारात नुकतंच आलेलं २०२६ चं कालनिर्णय आधीच आणून ठेवलं होतं. लाल पेनाने चार महिन्यांवर खुणा केलेल्या : मार्च, जून, ऑगस्ट, नोव्हेंबर. मुलानं विचारलं, "हे काय आहे, सर?" ते म्हणाले, "बसा, सांगतो," आणि माझ्याकडे बघून स्टूल पुढे सरकवलं.